फोटोच्या मागची नावं : वाईतल्या आमच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी

काम सुरू झालं. आज आमच्या माडीवर पाच जण बसलो: मराठी शिकवून निवृत्त झालेले सर, जुनी मोडी लिपी वाचणारे काका, कॉलेजातली दोन मुलं आणि मी. ठरलं ते एवढंच. वाईत घरोघरी पडून असलेले कागद, फोटो, चोपड्या बघायच्या, त्यांच्या प्रती काढायच्या आणि त्या गावालाच दाखवायच्या. मूळ वस्तू कुणाकडूनही घ्यायची नाही. बघायची, उतरवून घ्यायची, होती तिथे ठेवायची.

मुलांपैकी एकानं विचारलं, "पण काकू, वाईचा इतिहास तर सगळ्यांना माहीतच आहे ना?" माहीत आहे तो असा. अफझलखान वाईचा सुभेदार होता. पेशवाईतल्या रास्ते घराण्यानं देवळं बांधली. आनंदराव भिकाजींनी १७५७ साली काशीविश्वेश्वर, गणपतराव भिकाजींनी १७६२ साली ढोल्या गणपती. त्यांचीच बहीण गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांची पत्नी झाली. पुढे प्राज्ञपाठशाळा, केवलानंद सरस्वती, तिथे संस्कृत शिकायला आलेले विनोबा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि वीस खंडांचा मराठी विश्वकोश. हे सगळं छापून झालेलं आहे आणि चांगलं छापलेलं आहे. आपण त्यात भर घालायची नाही. कृष्णेवरचा जुना दगडी पूल पाडला, तेव्हा गावानं मोबाइलवर त्याचे ढिगानं फोटो काढले. त्या पुलाच्या तोंडाशी पन्नास वर्षांपूर्वी कोण कोण बसायचं, काय विकायचं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. आपल्याला ते हवं आहे.

सरांनी एक आठवण करून दिली. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्यातली पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रं त्यांना मिळाली ती वाईतल्याच एका घरात. पेटाऱ्यात पडलेली. म्हणजे इथल्या माडीवरच्या पेटाऱ्यांना जुनी सवय आहे म्हणायची.

१२ जानेवारी

पहिलं घर, मधल्या आळीतलं. मालक पुण्याला असतात, घर बघायला एक आजी आहेत, वय चौऱ्याऐंशी. त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक काढायला लावली. आत तीन रुमाल आणि दोन अल्बम. रुमाल म्हणजे हातरुमाल नव्हे. कागद बांधून ठेवायचं मोठं चौकोनी फडकं. एका रुमालात वेखंडाच्या कांड्या निघाल्या, त्यातले कागद जवळजवळ नवे असल्यासारखे. दुसऱ्यात वेखंड नव्हतं, तिथे कसरीनं कडा खाऊन जाळी केलेली. फरक डोळ्यांनी दिसत होता. मुलांना तो दाखवला, कारण पुढच्या प्रत्येक घरात आपण पहिली गोष्ट हीच सांगणार आहोत: प्लास्टिकची पिशवी काढा, सुती फडकं वापरा, आणि चिकटपट्टी कधीही लावू नका. लॅमिनेशन तर नाहीच नाही. त्यानं कागद वाचत नाही, आत कोंडला जातो आणि पुन्हा कधी बाहेर काढता येत नाही.

एका पत्रावर हात फिरवला तर बारीक वाळू बोटाला लागली. शाई टिपायला टाकलेली वाळू. कुणीतरी ती झटकली असेल, तरी काही कण राहून गेले.

तीन तास स्कॅनर चालला. एकशे बारा फोटो झाले. घरी येऊन संगणकावर उघडले आणि मी गप्प बसले. एकशे बारा चेहरे माझ्याकडे बघताहेत आणि मला एकाचंही नाव माहीत नाही. आजी शेजारच्या खोलीत बसल्या होत्या. आम्ही यंत्र लावण्यात इतके गुंतलो होतो की त्यांना फक्त पाणी मागितलं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन परत आजींकडे. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अगं, मला वाटलं तुम्हाला मशीनमधून कळतं."

आजपासून क्रम उलटा. आधी माणूस, मग वही, मग स्कॅनर. फोटो हातात द्यायचा, माणूस बोलू लागला की तसंच्या तसं लिहायचं. "बहुतेक", "मला वाटतं", "नक्की नाही" हे शब्दसुद्धा लिहायचे. सरांचा त्यावर भर आहे. ते म्हणतात, लिहिणारा शंका गाळतो आणि वाचणाऱ्याला ती खात्री वाटते.

नोंदीचा तक्ता ठरला: वस्तूचा क्रमांक, कुठे ठेवली आहे, काय आहे, त्यावर काय लिहिलंय, कोणी काय सांगितलं, कोणत्या तारखेला. शेवटचे दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे. फाइलच्या नावात कुणाचं आडनाव येणार नाही. आळी, घराचा आमचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक एवढंच. स्कॅन करताना कागद ३०० डीपीआयला (इंचाला ठिपके) पुरतात, फोटो ६००. छोट्या फोटोत मागे उभ्या माणसाचा चेहरा ओळखायचा असतो, तिथे कंजुषी नको.

१९ जानेवारी

मोडीचे काका दिवसभर बसले. मुलं त्यांच्या दोन्ही बाजूंना. काका आधी आडवी रेघ दाखवतात. मोडीत शिरोरेघ आधी ओढून मग तिला अक्षरं लोंबकळवायची. लेखणी उचलायचीच नाही, म्हणून अक्षरं एकमेकांत शिरतात. थोरल्या मुलाला संध्याकाळपर्यंत 'राजश्री' आणि 'दंडवत' ओळखू यायला लागले.

तारखांची वेगळीच गंमत. एका कागदावर "सन सीत सबैन मया व अलफ". अरबी आकडे, उलट्या बाजूनं वाचायचे: सहा, सत्तर, शंभर, हजार. शुहूर सन ११७६. त्यात ५९९ मिळवले की १७७५, आणि साल मृगाला सुरू होतं म्हणून पुढच्या वर्षाचेही काही महिने त्यात येतात. धाकटीनं विचारलं की वर्ष मृगाला का सुरू होतं. काका म्हणाले, "शेतकऱ्याचं वर्ष दुसरं कधी सुरू होणार?" शकाला ७८ मिळवायचे, शेतसाऱ्याच्या फसली सनाला ५९०. भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवलं.

कागद गहाणखताचा निघाला. जमीन, साक्षीदार, नांगराची निशाणी. ज्याला सही येत नाही त्यानं आपल्या कामाचं हत्यार काढायचं, अशी रीत. घराण्याचं नाव आहे, त्यांचे वंशज गावात आहेत. हा कागद कुणाला दाखवायचा, कुणाला नाही, यावर बराच वेळ बोलणं झालं. तूर्त बंद ठेवला आहे.

२ फेब्रुवारी

कृष्णाबाईचा उत्सव. मधली आळी, गणपती आळी, गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी. एकेका घाटावर आळीपाळीनं देवी बसते. अफझलखानाच्या संकटात कृष्णेला बोललेला नवस म्हणून हा उत्सव चालत आला, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आम्ही कीर्तनाचं ध्वनिमुद्रण केलं, मांडवाचे फोटो काढले. पण मला मोलाचं मिळालं ते पंगतीच्या मागच्या बाजूला. आमटीच्या पातेल्याजवळ उभ्या असलेल्या एका काकांनी सांगितलं की पूर्वी पंगतीला किती पानं बसली हे मोजायला ते देठ गोळा करत. पत्रावळीला नव्हे, केळीच्या पानाला देठ असतो, तो कापताना एक एक टोपलीत टाकायचा. नंतर टोपली मोजायची. असं कुठल्या ग्रंथात सापडणार? लगेच लिहून त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एक दुरुस्ती केली: टोपली नव्हे, हारा.

१६ फेब्रुवारी

मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, घाट, मेणेश्वर आणि घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतल्यावर तिकडून आलेली ती पोर्तुगीज घंटा. तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. मुलांना घंटा आवडली. मी वाड्यात रेंगाळले. इथलं दप्तर आज पुण्यात डेक्कन कॉलेजात आहे. तिथे ते नीट सांभाळलं जातं, अभ्यासकांना बघता येतं, याबद्दल मनापासून आदर आहे. इथे राहिलं असतं तर टिकलं असतंच असं नाही. पण मेणवलीतल्या एखाद्या मुलीला आपल्या गावचा कागद बघायचा तर तिला पुण्याची एसटी धरावी लागते. आपण मूळ हलवायचं नाही असं ठरवलं त्याचं हे कारण आहे. घरचा कागद घरात, आणि त्याची छापील प्रत गावातल्या ग्रंथालयात, हात लावून बघता येईल अशी.

२३ फेब्रुवारी

आजींबरोबर अल्बम क्रमांक दोन. आज फक्त एक फोटो झाला, दोन तासांत. त्याची नोंद सविस्तर करते.

घाटाच्या पायऱ्यांवरचा समूह. वरच्या पायरीवर सात पुरुष उभे, कोट-टोप्या घातलेले. खालच्या पायरीवर पाच बायका बसलेल्या, एकीच्या मांडीवर मूल. मागे नदी, पलीकडे झाडं, एका देवळाचं शिखर. फोटोच्या पाठीवर निळ्या शाईत: "डावीकडून", आणि पुढे सात नावं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. खाली एक शब्द: "व मंडळी". पाच बायका त्या एका शब्दात मिटवल्या आहेत.

त्या शब्दावर आम्ही सगळेच थांबलो. धाकटी म्हणाली, मग आपण आधी मंडळींची नावं काढू या. आजींनी दोन ओळखल्या. एक त्यांच्या सासूबाई, दुसऱ्या चुलत सासूबाई. नाव विचारलं तर आधी सासरचं सांगितलं. माहेरचं विचारलं तर डोळे मिटून बराच वेळ बसल्या आणि मग दोन्ही नावं सांगितली. गावासकट, एकीचं भुईंज, दुसरीचं पाचवड. आता तक्त्यात एक रकाना वाढवला आहे, माहेरचं नाव. जुन्या बाईला शोधायचं तर दोन घरांत शोधावं लागतं, आणि एकाच घराची वही तिची अर्धीच ओळख देते.

एक गोष्ट आजींच्या शब्दांत लिहून ठेवते. डावीकडून तिसरे म्हणून त्यांच्या सासऱ्यांचं नाव लिहिलंय. आजींनी भिंग घेऊन पाहिलं. म्हणाल्या, "हे मामंजी वाटत नाहीत गं मला. मामंजींचे खांदे असे उतरते नव्हते. पण मागे लिहिलंय ना तसं, मग तेच असतील. मी काय, म्हातारी झाले." ही शंका शेवटच्या रकान्यात जशीच्या तशी लिहिली. नोंदीत सासऱ्यांचं नाव तिसऱ्यालाच ठेवलं. लेखी पुरावा आहे.

फोटोचं ठिकाण: गणपती आळीचा घाट असावा असा सरांचा आणि माझा अंदाज. तसं लिहिलं.

९ मार्च

बाजारपेठेतलं जुनं आडतीचं घर. कीर्द-खतावण्यांची चळत, लाल कापडी पुठ्ठ्यांच्या. हळद, गूळ, घेवडा. मालक म्हणाले, रद्दीत द्यायचं ठरलंच होतं, फक्त वजन जास्त म्हणून हमाल मिळेना.

मी स्वतः बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यामुळे चोपडी हातात आली की माझा वेळ कसा जातो कळत नाही. १९५७ ची वही उघडली. १ एप्रिलला देशात दशमान नाणी आली, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. वहीत त्या दिवशी वेगळं काही लिहिलेलं नाही. पण पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक कोष्टक आहे: एक आणा सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. पुढे कित्येक पानं रक्कम दोनदा लिहिली आहे, आधी आण्यात, मग पैशात. हळूहळू आण्यांचा रकाना रिकामा होत जातो. एका जागी आणे लिहून खोडलेले. एका दुकानदाराचा हात सवय मोडताना दिसतो, दिवसादिवसानं. मला ही वही वाड्याइतकीच मोठी वाटते आणि मी तसं मालकांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण निघताना म्हणाले, "बाकीच्या पण घेऊन बसा कधी. रद्दीवाल्याला नको म्हणतो."

मण, शेर, पायली पण त्यातच. चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी. मुलांसाठी भिंतीवर दुसरा कागद.

१९ मार्च

बावधनचं बगाड. फाल्गुन वद्य पंचमी. कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून उंच लाकडी शिडाला टांगलेला बगाड्या, म्हणजे नवस फेडणारा माणूस, पुढे बैलांच्या जोड्या, माणसांचा समुद्र. फोटो काढणारे हजारो होते, म्हणून आम्ही काढले नाहीत. थोरल्यानं फक्त बैल जुंपणाऱ्यांशी बोलून दोऱ्या, खुंट्या, लाकडं यांची नावं लिहून आणली. दीड पान. सगळ्या वर्षातलं ते चांगलं दीड पान आहे.

६ एप्रिल

मुलाखती सुरू होऊन तीन आठवडे झाले. शिकलेली गोष्ट: "जुन्या आठवणी सांगा" म्हटलं की माणूस पुस्तकात वाचलेलं सांगतो. अफझलखानापासून सुरुवात करतो. त्यापेक्षा एक रात्र विचारावी. ११ डिसेंबर १९६७, कोयनेच्या भूकंपाची पहाट. तुम्ही कुठे झोपला होतात? अंगावर काय होतं? बाहेर कोण आधी पळालं? मग घर उभं राहतं: किती खोल्या, कोण कुठे निजायचं, गोठा कुठे, कंदील कुणाच्या हातात. एका काकांनी सांगितलं की फडताळातली पितळी भांडी आधी वाजली आणि त्यांच्या आईला वाटलं मांजर शिरलं. बाहत्तरचा दुष्काळही तसाच; खडी फोडायला कोण गेलं ते विचारायचं. सुकडी खाल्लेली माणसं अजून तिची चव सांगतात.

धोम धरणात गाव गेलेल्या एका बाई भेटल्या. त्यांच्याकडे एकही फोटो नाही, पण त्यांनी पाटीवर खडूनं गावाचा नकाशा काढला. विहीर, पार, सोळा घरं, प्रत्येक घराचं नाव. पाटी पुसायच्या आत फोटो घेतला आणि मग तोच कागदावर उतरवून त्यांची सही घेतली. हा नकाशा आमच्या संग्रहात सगळ्यात वर ठेवला आहे.

एका घरी बोलणं १९४८ वर आलं. गांधीजींच्या हत्येनंतर सातारा जिल्ह्यात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, तेव्हाचं. घराबरोबर दप्तर गेलं, असं ते म्हणाले, आणि मग म्हणाले, हे बंद करा. बंद केलं. चहा घेतला, तासभर बसलो, वहीत काही लिहिलं नाही. इथेही फक्त एवढंच लिहिते आहे.

सर आज थोडे कडक बोलले आणि बरोबर बोलले. आतापर्यंतची घरं मोजा, म्हणाले. तेरा घरं, त्यांतली नऊ नदीकाठच्या आळ्यांतली, सगळी वाडेवाल्यांची. ज्यांच्याकडे कपाट होतं त्यांचे कागद राहिले. ज्यांच्याकडे कपाट नव्हतं त्यांचं गाव नव्हतं का? पुढचे दोन महिने कुंभारवाडा, बौद्ध वस्ती, परीट, हमाल, भाजीवाल्या. तिथे कागद कमी मिळतील. बोलणं जास्त मिळेल.

१३ एप्रिल

हार्ड डिस्क पडली. थोरल्याच्या हातून, जिन्यात. त्याचा चेहरा बघवेना. फेब्रुवारीपर्यंतचं सगळं माझ्या संगणकावर होतं, मार्चमधली चार घरं फक्त त्या डिस्कवर होती. दुरुस्ती करणाऱ्यानं हात वर केले.

चूक त्याची नाही. एकाच जागी ठेवायला मी सांगितलं होतं. आजपासून तीन प्रती: एक संगणकावर, एक डिस्कवर, एक गावाबाहेर, सरांच्या मुलीकडे साताऱ्याला. प्रत्येक रविवारी उठल्यावर चहाच्या आधी. चारही घरांत पुन्हा जाऊन माफी मागितली. तिघांनी पुन्हा बस्ते सोडले. चौथ्या घराची मधल्या काळात रंगरंगोटी झाली होती आणि कागद कुठे गेले ते कुणाला सांगता येईना. पण वहीत हातानं लिहिलेली नावं आहेत. अकरा फोटो गेले, त्यांतल्या माणसांची नावं राहिली.

२० एप्रिल

संमतीचा कागद पक्का झाला. तीन चौकोन: फक्त घरच्यांसाठी, गावातल्या प्रदर्शनात चालेल, सगळ्यांसाठी खुलं. कधीही मत बदलता येईल, असं खाली ठळक. कायद्यानं फोटोचा हक्क तो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं राहतो, पण आमचा प्रश्न कायद्यापेक्षा नात्याचा आहे. पंचाऐंशी वर्षांपूर्वीच्या कर्जाचा कागद कायद्यानं दाखवता येईलही. ज्याच्या आजोबांचं नाव त्यात आहे तो रोज मंडईत भेटतो.

१ मे

प्रदर्शन. सुट्टीचा दिवस, शाळेचं सभागृह. काचेच्या चौकटी नाहीत, उद्घाटन नाही, हार-तुरे नाहीत. दोऱ्या बांधल्या, फोटोंच्या मोठ्या प्रती कपडे वाळवायच्या चिमट्यांनी लावल्या. प्रत्येकाखाली एक कोरी चिठ्ठी आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल. "तुम्हाला काय माहीत आहे?" एवढंच लिहिलेलं.

सकाळी दहाला उघडलं, रात्री आठला शाळेचा शिपाई म्हणाला तेव्हा बंद केलं. चिठ्ठ्या दोनशे सदतीस. कुणी आपल्या आईचं लहानपणीचं रूप कधी पाहिलंच नव्हतं, तिचा शाळेतला फोटो सापडला. एका आजोबांनी दुकानाच्या पाटीवरून गल्ली ओळखली. दोन भाऊ अनेक वर्षांनी एका फोटोसमोर शेजारी उभे राहिले. मी लांब सरकले.

घाटाच्या फोटोसमोर एक मावशी बराच वेळ उभ्या होत्या. त्यांच्या घरी तीन पिढ्या घाटावर कपडे धुण्याचं काम. पेन्सिल घेतली नाही. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "ताई, हा फोटो उलटा लागलाय."

मला वाटलं खालची बाजू वर झाली. तसं नव्हतं. त्या म्हणाल्या, "पाणी चाललंय तिकडून आमचं पाणी येतं. आणि ही तिरकी धोंड आहे ना, ती माझ्या सासूची धोंड. ती या हाताला पाहिजे. मी तिच्यावर वीस वर्षं धुतलंय. आणि हा गणपती आळीचा घाट नाही, हा गंगापुरीचा."

मी हो हो म्हटलं. खरं सांगायचं तर पटलं नव्हतं.

२ मे

पटलं. रात्रभर झोप नाही आली म्हणून पहाटे फोटो संगणकावर उघडून मोठा केला. सातही पुरुषांच्या कोटाचा वरचा खिसा उजव्या छातीवर. बटणं बायकांच्या झग्यासारखी उलट्या बाजूला. एकाच्या मनगटावर घड्याळ, तेही उजव्या. सात माणसांचे कोट एकाच शिंप्यानं चुकवले असं होत नाही. काचेच्या किंवा फिल्मच्या निगेटिव्हवरून छापताना ती पालथी ठेवली की फोटो आरशातल्यासारखा निघतो. तो तसा निघाला, अल्बममध्ये चिकटला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

संगणकावर आडवा फिरवला. नदी सरळ वाहायला लागली. फोनवर तो घेऊन गंगापुरीच्या घाटावर गेले. धोंड तिथेच आहे, सांगितलेल्या हाताला.

मग एकदम लक्षात आलं आणि मी पायरीवरच बसले. मागची नावं. "डावीकडून." ती कुणीतरी सरळ छापलेल्या प्रतीवरून उतरवली असणार, म्हणूनच आजींना मामंजी ओळखू येईनात: सरळ फोटोत डावीकडून तिसरा म्हणजे आपल्या फोटोत उजवीकडून तिसरा. सात माणसांत फक्त मधला एकटा स्वतःच्या नावानिशी उभा होता. बाकी सहा जणांना त्या घरानं इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावानं ओळखलं.

४ मे

आजींकडे. काही सांगितलं नाही. फिरवलेली प्रत हातात दिली आणि विचारलं, मामंजी कोणते. त्यांनी भिंगसुद्धा मागितलं नाही. डावीकडून तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हे काय. हे खांदे बघ की."

मग मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ फोटो मांडीवर घेऊन बसल्या. म्हणाल्या, "पंचावन्न वर्षं मी त्या दुसऱ्या माणसाला नमस्कार करतेय." मग म्हणाल्या, "मला दिसत होतं गं. पण लिहिलेलं होतं ना."

फेब्रुवारीत त्यांनी सांगितलेली शंका आम्ही वहीत लिहिली होती याचा मला आज फार आधार वाटला. पण नाव मात्र कागदाचं ऐकून लावलं होतं. काकांनाही बोलले. ते म्हणाले, मोडी वाचताना सुद्धा हेच. नक्कल करणारा कारकून चुकला की पुढचे सगळे त्याची चूक सुवाच्य अक्षरात उतरवतात.

दुरुस्तीची रीत ठरवली. जुनी ओळ खोडायची नाही. तिच्याखाली नवी, तारीख घालून, कोणी सांगितलं ते लिहून. मावशींना विचारलं, तुमचं नाव नोंदीत चालेल का. त्या म्हणाल्या, माझं कशाला, सासूचं घाला, धोंड तिची. दोघींचीही घातली, त्यांच्या संमतीनं. इथे मात्र कुणाचंच लिहीत नाही.

तक्त्यातली नोंद आता अशी आहे:

घाटावरचा समूह. सात पुरुष, पाच स्त्रिया, एक मूल. मूळ प्रत उलटी छापलेली. सरळ केलेली प्रत सोबत. ठिकाण: आधी गणपती आळी घाट असा अंदाज (२३ फेब्रुवारी), गंगापुरी घाट, धुण्याच्या धोंडेवरून ओळखला (१ मे), जागेवर जाऊन पाहिला (२ मे). पुरुषांची नावं पाठीवर. क्रम सरळ प्रतीप्रमाणे वाचावा. स्त्रिया: दोघींची ओळख पटली, माहेरच्या नावांसह. तिघी बाकी. मूल बाकी.

११ मे

बाकी तिघींपैकी एक मिळाली. प्रदर्शनातल्या चिठ्ठ्या लावताना धाकटीला सापडली, शाळकरी अक्षरात: "मांडीवरचं बाळ म्हणजे माझी आजी. ती आता कोल्हापूरला असते." खाली फोन नंबर. संध्याकाळी बोलणं झालं. बाळाच्या आईचं नाव मिळालं, माहेर वाईचंच, धर्मपुरी. बाळ पंच्याऐंशीचं आहे आणि फोटो बघायला गुढीपाडव्यापर्यंत थांबायची तिची तयारी नाही. रविवारी थोरला छापील प्रत घेऊन कोल्हापूरला जातोय, सरळ आणि उलटी दोन्ही.

उरल्या दोघी. मावशी म्हणतात, त्यांच्या चुलत सासूला कदाचित माहीत असेल, घाटावरची सगळी घरं तिच्या डोक्यात आहेत. ऐकू कमी येतं, सकाळी लवकर गेलेलं बरं. मंगळवारी साताला. वही, भिंग, आणि स्कॅनर घरी ठेवायचा.